चावी मी दिली होती. जबाबात काय सांगू?

मांजलपूरचा मामा

नमस्कार मंडळी. बडोद्याचे बरेच जण इथे आहात म्हणून इथेच लिहितोय. नाव लिहीत नाही, समजून घ्या. पाच आठवडे नीट झोप नाही त्यामुळे लिहिणं मागेपुढे होईल.

फेब्रुवारीत माझ्या मुलाचा साखरपुडा झाला. दुपारी हॉलवर सगळं व्यवस्थित पार पडलं, पाहुणे गेले, आणि रात्री पोरांनी सिंधरोटकडे ओळखीतल्या एकाच्या फार्मवर जमायचं ठरवलं. मी आणि बायको पण थोडा वेळ गेलो होतो, जेवण तिथेच होतं. आता गुजरातेत दारूबंदी आहे हे मला कोणी सांगायला नको, जन्म इथलाच आहे माझा, पण पोरांनी कुठून तरी आणली होती आणि मला ते दिसत होतं आणि मी आजच्या दिवस जाऊ दे म्हणून गप्प बसलो. ही पहिली गोष्ट.

साडेअकराच्या सुमाराला भाचा माझ्याकडे आला. मोठ्या ताईचा एकुलता एक, सव्वीस वर्षांचा, मकरपुऱ्याला नोकरी करतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा मुलगा. म्हणाला मामा गाडीची चावी द्या, दोघा मित्रांना गोत्रीला सोडून येतो. मला वास आला होता. हातभर अंतरावर उभा होता तो, वास न यायला काय झालं. मी म्हटलं सावकाश जा, आणि खिशातून चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. गाडी माझ्या नावावर आहे. ही दुसरी गोष्ट आणि खरी गोष्ट हीच.

बारा वाजता फोन आला. कारखान्यातली सेकंड शिफ्ट संपवून एक माणूस सायकलवर घरी चालला होता, चौतीस वर्षांचा, त्याला मागून उडवलं. भाचा पळाला नाही, मित्राने १०८ ला फोन केला, पण दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी जागेवर पोचलो तेव्हा त्यांना घेऊन गेले होते. सायकलचं मागचं चाक दुमडून सीटखाली आलं होतं आणि कॅरिअरला सुतळीने शेवग्याच्या शेंगांची जुडी बांधलेली होती, ती तशीच्या तशी, एकही शेंग मोडलेली नाही. कोणीतरी वाटेत दिल्या असतील किंवा घरून सांगितलं असेल येताना आणा म्हणून. पोलिसांनी पंचनाम्यात सायकल लिहिली, शेंगा लिहिल्या की नाही मला माहीत नाही. घरी बायकोने तेव्हापासून शेवगा आणलेला नाही.

मागे पत्नी, दोन लहान मुली आणि आई.

एफआयआरमध्ये आधी १०६ आणि २८१ (बेदरकार गाडी चालवणं) ही कलमं होती, नंतर १०५ वाढवलं. भाचा तेवीस दिवसांनी जामिनावर सुटला. त्याचं ब्लड घेतलं पहाटे पाचला, म्हणजे अपघातानंतर पाच तासांनी, त्यात दारूचं प्रमाण ३८ आलं, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३८ मिलिग्रॅम. भाऊजी भेटेल त्याला सांगतायत की ३८ म्हणजे काहीच नाही, दारूबंदीच्या कायद्यात ५० लागतं.

आता मुख्य. भाऊजींच्या वकिलांनी मला ऑफिसला बोलावलं. म्हणाले, तुमचा जबाब होईल तेव्हा एवढंच सांगा की चावी टेबलावर होती, त्याने न विचारता उचलली, तुम्ही त्याला त्या वेळी जवळून पाहिलंच नाही. तुम्हीही सुटाल, विम्याची भानगड होणार नाही, आणि मुलगा प्यायलेला होता असं म्हणणारा घरातला साक्षीदार राहणार नाही. ताई दुसऱ्या दिवशी घरी आली, चहा पण घेतला नाही, म्हणाली तुझ्या एका वाक्यावर माझ्या मुलाची दहा वर्षं आहेत.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चावी देणाऱ्यावर कायद्याने काय येतं. खरं सांगितलं तर भाच्याला किती फरक पडतो. आणि त्या माणसाच्या घरी जावं की नाही, कारण सगळे म्हणतायत चुकूनही जाऊ नकोस, गेलास की गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. पण सायकलवाला असता आमच्या घरातला आणि गाडीवाला दुसरा कोणी, तर मी काय म्हटलं असतं हे मला रोज सुचतं.

रावपुरा_अनिकेत

काका, वाईट वाटेल पण लिहितो. वास आला तरी चावी दिलीत म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं. मुलगा निदान नशेत होता, तुम्ही तर शुद्धीत होतात. आणि आता पाच आठवड्यांनी खरं सांगू का म्हणून विचारताय? यात विचारायचं काय आहे? पुण्याला मे २०२४ मध्ये पोर्शेखाली दोन इंजिनिअर गेले, दोघंही मध्य प्रदेशातले, नोकरीसाठी पुण्यात आलेले, आणि नंतर काय झालं आठवा, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक, आईबापांना अटक. अपघात करणारा एक आणि लपवायला निघालेले दहा. सगळ्या देशाला चीड आली ती त्या दहांची जास्त आली. तुमच्या घरात आता तेच सुरू झालंय, छोट्या मापात.

सुरसागर७२

अनिकेत, थोडा धीर धर रे. ज्या माणसाने स्वतःहून "मला वास आला होता" असं लिहिलंय त्याला काठीने मारून काय मिळणार. मामा, तुम्ही लिहिलंत हेच पुष्कळ आहे. माझं मत वेगळं आहे, पण आधी इथे एक वकीलसाहेब आहेत त्यांना बोलू दे.

कोर्टाच्या पायरीवरून

मी वीस वर्षांहून जास्त काळ मोटार अपघाताच्या दाव्यांची कामं करतोय, जास्त करून मयताच्या बाजूने, थोडी मालकांच्या बाजूने पण. सल्ला म्हणून नका धरू, पण माहिती पक्की देतो.

सगळ्यात आधी, तुमचा वकील वेगळा करा. भाऊजींचा वकील भाच्याचा वकील आहे, त्याचं काम भाच्याला वाचवणं, आणि त्यात तुमचा खोटा जबाब त्याच्या उपयोगाचा आहे. तुमच्या उपयोगाचा नाही. "तुम्हीही सुटाल" हे त्याने वर गोड लावलंय.

आता कलमं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. १०६ चं पहिलं पोटकलम म्हणजे जुनं ३०४-अ, निष्काळजीपणाने मृत्यू, पूर्वी कमाल दोन वर्षं होती ती आता पाच झाली, आणि ते जामीनपात्र आहे. १०५ म्हणजे जुनं ३०४, सदोष मनुष्यवध. त्यात दोन पायऱ्या आहेत. मारायचा हेतू असेल तर जन्मठेपेपर्यंत. हेतू नाही पण आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो याची जाणीव होती, तर कमाल दहा वर्षं आणि दंड. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यावर सहसा हा दुसरा भाग लावतात. म्हणजे सगळा खटला एका शब्दावर चालतो, जाणीव. ताईंची दहा वर्षं म्हणजे ही, आणि ती कमाल मर्यादा आहे, ठरलेली शिक्षा नव्हे.

प्रत्यक्षात काय होतं याची दोन उदाहरणं सांगतो. मुंबईत कार्टर रोडला नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले, हायकोर्टाने ३०४ चा दुसरा भाग लावून तीन वर्षं केली, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली आणि शिक्षा कमीच आहे असंही म्हटलं. दिल्लीत जानेवारी १९९९ ला बीएमडब्ल्यूखाली सहा जण गेले, त्यात तीन पोलीस होते. तिथेही सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ३०४ चा दुसरा भागच धरला, पण शिक्षा भोगलेल्या दोन वर्षांवर ठेवली, पन्नास लाख भरायला लावले आणि दोन वर्षं समाजसेवा. आणि नुसत्या दारूचाच प्रश्न असतो असं नाही, आपल्या अहमदाबादला इस्कॉन ब्रिजवर जुलै २०२३ ला नऊ माणसं गेली, तिथे मुद्दा वेगाचा होता, तरी ३०४ लागलंच. त्यामुळे तुमच्या एका वाक्यावर सगळं उभं आहे हे ताईंना कोणीतरी चुकीचं सांगितलंय. फार्मवर तीसेक माणसं असतील, बिल असेल, फोटो असतील, गाडीत दोन मित्र होते, आणि ३८ चा रिपोर्ट आहे.

३८ बद्दल भाऊजींचा घोळ झालाय. दारूबंदी कायद्याच्या ६६ व्या कलमात ५० चा आकडा आहे हे खरं, पण तो दारू प्यायल्याच्या गुन्ह्यासाठी, पुराव्याचा भार आरोपीवर कधी जातो हे ठरवायला. गाडीसाठी मोटार वाहन कायद्याचं १८५ बघायचं, तिथे मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. ३८ म्हणजे त्याच्या वर. पहिल्या गुन्ह्याला सहा महिनेपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. ज्याच्याकडे पिण्याचं परमिट आहे त्याला पण हेच लागू, परमिट पिण्याचं असतं, चालवायचं नसतं.

आता तुमचं. त्याच कायद्यात १८८ कलम आहे, फारसं कोणाला माहीत नसतं, पोलीस पण क्वचितच लावतात. १८५ च्या गुन्ह्याला जो मदत करतो किंवा चिथावणी देतो त्याला तीच शिक्षा. प्यायलाय हे माहीत असून चावी हातात देणं यात बसू शकतं. मागे बसलेले दोघे मित्र नुसते बसले म्हणून बसत नाहीत, चल रे काही होत नाही म्हणून उठवलं असेल तर बसतील. १०५ मध्ये तुम्हाला ओढणं बरंच अवघड आहे पण अशक्य म्हणणार नाही, म्हणूनच वेगळा वकील म्हणालो.

पैशाचं पण सांगतो कारण खोट्या जबाबाचं मूळ तिथे आहे. मयत ३४ वर्षांचा, समजा पंधरा हजार पगार. वर्षाचे १ लाख ८० हजार, चाळिशीच्या आतला म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरायचे, झाले २ लाख ५२ हजार. घरात अवलंबून चार माणसं म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १ लाख ८९ हजार. या वयाचा गुणक १६. म्हणजे तीस लाख चोवीस हजार, शिवाय अंत्यविधी वगैरेचे वेगळे. थर्ड पार्टी विमा असेल तर मयताच्या घरच्यांना हे विमा कंपनीकडून मिळवता येतं, पण चालक प्यायलेला होता हे सिद्ध झालं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कंपनीला तो बचाव कायद्यातच दिलाय, आणि अशा वेळी ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताचे दावे चालवणारं कोर्ट, बऱ्याचदा सांगतं की आधी त्यांना द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. मालक म्हणजे तुम्ही. चावी टेबलावर होती हे वाक्य तुमच्या त्या तीस लाखांसाठी आहे. त्या दोन मुलींना त्याने एक रुपया जास्त मिळत नाही.

पोलिसांसमोरच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, त्यामुळे तिथे बोललं आणि विसरलं असं लोकांना वाटतं. पण तेच पुढे कोर्टात शपथेवर सांगावं लागतं आणि तिथे खोटं बोललं तर न्याय संहितेच्या २२९ खाली सात वर्षांपर्यंत आहे. आरोपीला वाचवायला खोटी माहिती देणं हा २३८ चा वेगळा गुन्हा. ज्या प्रश्नाच्या उत्तराने तुमच्यावरच गुन्हा येईल त्याचं उत्तर न देण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला दिलाय. खोटं उत्तर देण्याचा नाही. हा फरक तुमच्या नव्या वकिलाकडून नीट समजून घ्या.

घरी जाण्याचं नंतर लिहितो, तारखेला निघालोय.

सुरसागर७२

वकीलसाहेबांनी सगळं सांगितलं, माझा मुद्दा वेगळा होता. आपल्या इथे बंदी आहे म्हणून हे प्रकार वाढतात असं मला वाटतं. दुसऱ्या शहरात माणूस उघड म्हणू शकतो की मी घेतलीय, मी चालवणार नाही, रिक्षा बोलव. इथे रिक्षावाल्याला पण वास येऊ नये म्हणून पोरं काच बंद करून स्वतःच निघतात. १९६० ला राज्य झाल्यापासून बंदी आहे, आणि एवढ्या वर्षांत आपण एकच शिकलो, लपवणं. मामांचा भाचा वाईट मुलगा नाही. एका रात्रीच्या चुकीवर त्याला खुनी ठरवू नका एवढंच माझं म्हणणं.

रावपुरा_अनिकेत

खुनी कोणी म्हटलं नाही. पण "एका रात्रीची चूक" हे मला पटत नाही काका. चूक म्हणजे डावीकडे वळायचं तिथे उजवीकडे वळलो. इथे आधी प्यायला, मग चावी मागितली, मग किल्ली फिरवली, मग गिअर टाकला, प्रत्येक ठिकाणी थांबता येत होतं. आणि लपवाछपवीचं कारण बंदीला देऊ नका, पुण्यात आणि मुंबईत बंदी नाही तरी तेच होतं. फार्मवर झोपायला जागा नव्हती का? गाद्या नव्हत्या?

मांजलपूरचा मामा

होत्या. वरच्या हॉलमध्ये गाद्या घातलेल्या होत्या, मीच दुपारी माणसाला सांगून घालून घेतल्या होत्या. अनिकेत तू जे विचारलंस ते मी स्वतःला विचारलं नव्हतं.

वाघोडिया रोडची ताई

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

माझे मिस्टर २०११ मध्ये गेले. हालोलहून मोटरसायकलवर येत होते, समोरून जीप आली, चालवणारा प्यायलेला होता असं तिथल्या लोकांनी सांगितलं पण त्याची तपासणी दुसऱ्या दिवशी दुपारी झाली त्यामुळे कागदावर काहीच आलं नाही. ३०४-अ लागलं. आठ वर्षांनी निकाल लागला, एक वर्षाची शिक्षा, आणि त्यावर अपील. मला त्या शिक्षेचं आता काही वाटत नाही, खरं सांगते, एक वर्ष काय आणि दहा काय, मला त्यातून काही परत यायचं नव्हतं. तेव्हा मात्र खूप वाटायचं.

मामा तुम्ही विचारलंत घरी जाऊ का. आमच्याकडे कोणी आलं नाही. ना चालवणारा, ना जीपचा मालक. चार महिन्यांनी एक माणूस आला तो समाधान, म्हणजे तडजोड, करायला आला होता, पाकीट घेऊन, म्हणाला बेन, लई लो, कोर्टमां कशुं नहीं मळे. दिरांनी त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं. असं येणार असाल तर येऊ नका.

तुम्हाला वाटेल त्या घरात तुम्हाला शिव्या बसतील. बसतील. पण माझ्या सासूबाईंना वर्षभर एकच प्रश्न होता, तो शेवटी काही बोलला का, पाणी मागितलं का. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. ते फक्त त्या जीपमधल्या माणसांना माहीत होतं आणि ती माणसं कधी आलीच नाहीत. सासूबाई गेल्या तोवर ते कळलं नाही त्यांना.

आणि दुसरी गोष्ट अगदी कोरडी आहे पण तीच जास्त कामाची. जीपच्या मालकाने विम्याची कॉपी दिली नाही. एवढंच. कंपनी कुठली, पॉलिसी नंबर काय, तेव्हा विमा चालू होता की नाही, काही कळेना. माझे दीर पोलीस स्टेशन, आरटीओ, परत पोलीस स्टेशन असे चौदा महिने फिरले, अर्ध्या दिवसाची रजा टाकून टाकून, शेवटी त्यांचा पगार कापायला लागले. मुलाची त्या वर्षीची फी माझ्या भावाने भरली. एक झेरॉक्स हवी होती फक्त. तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर ती झेरॉक्स द्या.

कॅज्युअल्टीत_तीस_वर्षं

ताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता येईना.

मी डॉक्टर, आता निवृत्त. मामांच्या ३८ बद्दल लिहायचं होतं. रक्तातली दारू लिव्हर ठरावीक वेगाने काढतं, तासाला साधारण १५ मिलिग्रॅम, माणसागणिक १० ते २०. पाच तासांनी ३८ असेल तर अपघाताच्या वेळी अंदाजे ३८ आणि ७५ मिळून ११३. अगदी कमी वेग धरला तरी ८८ आणि जास्त धरला तर १३८. म्हणजे मर्यादेच्या तिप्पट, चौपट. कोर्टात हा हिशेब किती टिकतो ते वकील सांगतील, उलटतपासणीत त्याला फाटे फोडता येतात, पण भाऊजींनी निदान घरात तरी "३८ म्हणजे काहीच नाही" म्हणू नये. शंभरच्या वर माणसाला समोरची सायकल दिसते, पण पाय ब्रेकवर जायला उशीर होतो, आणि आपण अगदी नीट चालवतोय असं त्याला मनापासून वाटत असतं. ते वाटणं हाच त्या विषाचा भाग आहे. म्हणूनच त्याला विचारून काही उपयोग नसतो, "येईल ना रे चालवता" याचं उत्तर हो असंच येणार. विचारायचं नसतं, चावी काढून घ्यायची असते.

ब्लड उशिरा का घेतात ते पण सांगतो. रात्री पोलीस आधी जागा मोकळी करणार, मग पंचनामा, मग आरोपीला घेऊन येणार, इथे कॅज्युअल्टीत एकच डॉक्टर, समोर जिवंत पेशंट, तर त्याला आधी बघणार की नळी भरणार? मी स्वतः हात धुताना पोलिसांना "बसा जरा" म्हटलंय. त्या "बसा जरा" चे किती मिलिग्रॅम झाले असतील ते आता मोजतो मी. कायद्यात १८५ खाली पकडलेल्याची दोन तासांत तपासणी झाली पाहिजे असं लिहिलेलं आहे. आणि घेतानाही चुका होतात, स्पिरिटच्या बोळ्याने हात पुसून रक्त घेतलं की बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो, साबण-पाण्याने पुसायचं असतं, आणि बाटलीत सोडियम फ्लोराइड हवं नाहीतर नमुना ठेवल्या ठेवल्या बिघडतो. ताईंच्या केसमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणी झाली म्हणजे खरं तर झालीच नाही. दारूमुळे किती मेले याचे सरकारी आकडे म्हणूनच मला नेहमी कमी वाटतात. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातल्या कितींच्या चालकांचं रक्त वेळेत घेतलं गेलं?

मामा, भाच्याला एकदा विचारा, त्या माणसाचं शेवटी काय झालं. ताईंच्या सासूबाईंचा प्रश्न त्या घरातही असणार.

कोर्टाच्या पायरीवरून

तारखेहून आलो. डॉक्टरसाहेबांचा उलटा हिशेब कोर्टात चालतो पण तज्ज्ञाने येऊन सांगावा लागतो, नुसता कागदावर नाही.

घरी जाण्याबद्दल. भाचा नाही जाणार, त्याच्या जामिनाच्या अटीत साक्षीदारांशी आणि फिर्यादीशी संपर्क नको असं असणार, त्याने उंबरठा ओलांडला तर जामीन जाईल. तुम्ही जाताना आधी तुमच्या वकिलाला सांगा, शक्य असेल तर त्यांच्या गावातलं वडीलधारं कोणी बरोबर घ्या. केसबद्दल, जबाबाबद्दल, कोणी काय सांगावं याबद्दल एक शब्द नाही. पैशाचं पाकीट नाही. १०५ आणि १०६ दोन्ही आपसात मिटवता येणारी कलमं नाहीत, त्यामुळे समाधान वगैरे बोलायचं कारणच नाही, उलट ते साक्षीदार फोडणं दिसेल. "गेलास की कबूल केल्यासारखं होईल" यात थोडं तथ्य आहे, तुम्ही तिथे जे बोलाल ते उद्या तुमच्याविरुद्ध वापरता येतं. पण तुम्ही तेच पोलिसांना सांगणार असाल तर वापरून वापरणार काय?

ताईंनी सांगितलं ते कागद द्याच. आरसी म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, पॉलिसी, भाच्याचं लायसन्स मिळालं तर ते. खरं तर २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल ट्रिब्युनलला द्यायचा असतो, त्यात हे सगळं यायला हवं, पण घरच्यांच्या हातात कागद असलेला बरा. नुकसानभरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा असतो आणि तुमचे पाच आठवडे गेलेत.

मांजलपूरचा मामा

बारा दिवसांनी लिहितोय.

वेगळा वकील केला. परवा जबाब झाला. त्याने मला गप्प राहण्याच्या हक्काचं सगळं समजावलं, मी म्हटलं समजलं, आणि मग जे होतं ते सांगितलं. चावी माझ्या खिशात होती, मी हातात दिली, वास आला होता. लिहून घेणारे हवालदार एकदा थांबले आणि म्हणाले, काका आ लखुं? मी म्हटलं लखो.

त्याआधी भाच्याला भेटलो, ताईच्या घरी नाही, बाहेर कमाटीबागेत. डॉक्टरसाहेब तुम्ही सांगितलं ते विचारलं. तो इतके दिवस कोणाशीच बोलत नव्हता. म्हणाला, ते शुद्धीवर होते मामा, पाच-सात मिनिटं. पाणी मागितलं. मित्र १०८ शी फोनवर होता, त्यांनी सांगितलं तोंडाने काही देऊ नका, म्हणून नाही दिलं. गाडीत बाटली होती. मी हात धरून बसलो होतो आणि बाटली समोर दिसत होती. डॉक्टरसाहेब, ते बरोबरच होतं ना? नसतं द्यायचं ना पाणी? त्याला तेवढं तरी सांगू दे मला.

काल मी आणि बायको त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांच्या गावचे एक निवृत्त मास्तर बरोबर होते. पत्नी बाहेर आल्या नाहीत, त्यांच्या भावाने पाच मिनिटं मला जे बोलायचं ते बोलून घेतलं, मी ऐकलं. मग आई आतून आल्या आणि समोर बसल्या. मी पाण्याचं सांगितलं. कोणी हात धरलेला होता हे पण सांगितलं, कोणी धरला होता ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

मग कागद काढले. सगळे इंग्रजीत. त्या म्हणाल्या, वांची आपो. मी गुजरातीत वाचून दाखवलं, गाडीचा नंबर, कंपनी, कधीपासून कधीपर्यंत. पॉलिसी नंबर आला तेव्हा म्हणाल्या, फरी बोलो, आणि मोठ्या नातीला हाक मारली, तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. तिसरी-चौथीतली असेल. एक आकडा चुकला तो तिने खोडरबराने पुसून नीट केला.

ताई माझ्याशी बोलत नाही. भाऊजींनी निरोप पाठवला की मुलाच्या लग्नाला आमच्याकडून कोणी येणार नाही.

वकीलसाहेब, एक विचारायचं राहिलं. त्यांच्याकडे वकील नाही आणि कोणाकडे जावं हेही माहीत नाही. मी सुचवलेलं बरं दिसेल का?

कॅज्युअल्टीत_तीस_वर्षं

बरोबर होतं. पोटात किंवा छातीत मार असताना पाणी देत नाहीत, मी पण नसतं दिलं. त्याला माझं नाव घेऊन सांगा, एका डॉक्टरने सांगितलं म्हणून.

कोर्टाच्या पायरीवरून

तुम्ही वकील सुचवू नका, दावा तुमच्याच विरुद्ध असणार आहे. मास्तरांना सांगा, त्यांना घेऊन जिल्हा कोर्टातल्या कायदा सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसला जा म्हणावं, किंवा १५१०० वर फोन. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. जाताना मृत्यूचा दाखला, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, एफआयआरची कॉपी, पगाराची चिठ्ठी आणि ती मुलीची वही.

वाघोडिया रोडची ताई

पगाराची चिठ्ठी आत्ताच मागून घ्यायला सांगा मास्तरांना. कारखान्यातला सुपरवायझर बदलला की मग मिळत नाही. मी जाईन त्यांच्याबरोबर पहिल्या दिवशी, कोणी नसेल तर. मला तो जिना माहीत आहे.

मांजलपूरचा मामा

ताई, मास्तरांचा नंबर तुम्हाला खाजगीत पाठवतो.